यजमान कोण?
स्थलांतरितांचे आतिथ्य आणि ख्रिस्ती ईश्वरविज्ञान : एक प्रस्तावना

मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, मुंबई-आग्रा रस्त्यावरून माणसे उत्तरेकडे चालत होती. मुंबई, ठाणे, भिवंडी, नाशिक इथली कामे बंद पडली, खोलीचे भाडे थकले, आणि ज्यांनी ती शहरे बांधली, विणली, झाडली ती माणसे धुळे-शिरपूर ओलांडून बिजासन घाट चढू लागली. सेंधव्याच्या अलीकडे मध्य प्रदेशची हद्द लागते. तिथे हजारो लोक अडकून पडले आणि भुकेने चिडलेल्या जमावाकडून दगडफेकही झाली. जे पुढे सरकले ते राऊवरून इंदूरच्या बायपासला लागले. कुणी पायी, कुणी सायकलवर, कुणी मुंबईच्या रिक्षात सगळा संसार कोंबून. बायपासवर इंदूरकरांनी जेवणाची पाकिटे दिली, पाणी दिले, अनवाणी पायांना चपला दिल्या. याच दिवसांत महूकडून इंदूरकडे येणाऱ्या एका बैलगाडीचे चित्रण देशभर पाहिले गेले. जुवाच्या एका बाजूला बैल होता आणि दुसऱ्या बाजूला माणूस. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते आणि त्यांची घरे मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांत होती.

त्या उन्हाळ्यात सगळ्यांचे मन द्रवले. पुढे कामे सुरू झाली, मजूर परतले, आणि सोसायटीच्या फाटकावर त्यांना पुन्हा ‘कुठून आलास, कुणाकडे आलास’ असे विचारले जाऊ लागले. संकटात दाखवलेली दया आणि रोजच्या दिवसातले वागणे यांच्यात हे जे अंतर पडते, तो या पुस्तकाचा विषय आहे. आलेल्या माणसाचे आपण काय लागतो, या प्रश्नावर ख्रिस्ती परंपरेने दोन हजार वर्षे विचार केला. त्यात काही वेळा ती विलक्षण उंच गेली आणि काही वेळा तिने लाज वाटावी असे वर्तन केले. हे दोन्ही मराठी वाचकासमोर ठेवावे, आणि ते इंदूरमध्ये बसून ठेवावे, असा या लेखनामागचा हेतू आहे.

इंदूरच का, याला कारण आहे. पाहुणचाराची रीत या भागाला कुणी शिकवायला नको. ओंकारेश्वर इथून दोन-अडीच तासांवर आहे. नर्मदेची परिक्रमा करणारा माणूस निमाडातल्या कुठल्याही गावात संध्याकाळी टेकला तर त्याला सदावर्त मिळते: पीठ, डाळ, मीठ, वर निजायला ओसरी. त्याची जात, गाव, शिल्लक कुणी विचारत नाही. अहिल्याबाईंनी महेश्वरहून कारभार करताना देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे उभारली, ती याच वृत्तीतून. पण परिक्रमावासी सकाळी उठून पुढे जातो. त्याला वाढल्याने वाढणाऱ्याला पुण्य लाभते आणि गावाची घडी जशीच्या तशी राहते. झाबुआ-अलिराजपूरहून आलेला बांधकाम मजूर मात्र सकाळी जात नाही. तो राहतो, पाणी मागतो, मुलाला शाळा मागतो, मजुरी बुडाली तर भांडतो. जाणाऱ्याचे आदरातिथ्य आपल्याला उत्तम जमते. राहणाऱ्याचे काय करायचे, हे आपण नीट ठरवलेलेच नाही. बायबलमधला परका बहुतेक वेळा हा दुसऱ्या प्रकारचा, राहणारा परका आहे. म्हणून ती परंपरा इथे कामाची.

या विषयाकडे वळणारे बहुतेक लोक अब्राहामापासून सुरुवात करतात. भर दुपारी मम्रेच्या झाडांखाली तीन अनोळखी माणसे दिसतात, म्हातारा धावत जातो, पाय धुवायला पाणी देतो, सारेला भाकरी करायला सांगतो, कोवळे वासरू कापतो. आणि नंतर कळते की आलेले साधे वाटसरू नव्हते. कथा सुंदर आहे, पण ती आपल्या ओळखीच्या पाहुणचाराच्याच जातीची आहे. माझ्या मते खरा नवा विचार उत्पत्तीत नसून लेवीय, अनुवाद यांसारख्या रुक्ष वाटणाऱ्या कायद्याच्या पुस्तकांत आहे. तिथे परक्यावर प्रेम करा असे सांगितले आहे, आणि लगेच त्याचा हिशेबही मांडला आहे. शेताच्या कडेचे पीक कापू नये, गळालेले कणीस वेचू नये. ते गरिबाचे आणि परक्याचे. मजूर आपला असो वा बाहेरचा, त्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत त्याच्या हातात पडली पाहिजे. शब्बाथाच्या दिवशी घरधन्याबरोबर परक्यालाही सुट्टी. चुकून हातून मनुष्यहत्या झाली तर आश्रयाच्या नगरात पळून जाण्याची सोय त्यालाही. देशी आणि परदेशी दोघांना एकच न्याय. थोडक्यात, या ग्रंथांत आतिथ्य म्हणजे मजुरी, साप्ताहिक सुट्टी, पिकातला वाटा आणि न्यायालयातले स्थान. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला आजही याच चार गोष्टी हव्या असतात.

या कायद्यांमागे दिलेले कारण त्याहून महत्त्वाचे आहे. परका गरीब आहे, दयनीय आहे, म्हणून त्याला जपा असे तिथे म्हटलेले नाही. तुम्ही स्वतः मिसरात परके होता, परक्याचा जीव कसा असतो हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून जपा, असे म्हटले आहे. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात तर पहिल्या पिकाची टोपली घेऊन मंदिरात आलेल्या शेतकऱ्याने, जमीन आणि घर असलेल्या माणसाने, आपला पूर्वज भटका अरामी होता असे दरवर्षी मोठ्याने म्हणायचे आहे. या पुस्तकाचा कणा तिथे आहे. ख्रिस्ती विचारात आतिथ्याची सुरुवात यजमानाच्या औदार्यापासून होत नाही. आपणही कुणाच्या तरी दारात आलेले आहोत, ही आठवण जिवंत ठेवण्यापासून होते. ही आठवण विझली की उरतो तो उपकार.

नव्या करारात ही आठवण एका माणसाच्या आयुष्यात उतरते. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूचे बालपण हेरोदाच्या भीतीने मिसरात पळून जाण्यात जाते. मोठेपणी त्याला स्वतःचे घर नाही. तो जेवतो ते कायम दुसऱ्यांच्या घरी, आणि कुणाच्या घरी जेवतो यावरूनच त्याच्यावर सर्वांत जास्त टीका होते. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या प्रसंगात, परक्याला घरात घेणाऱ्यांना आपण कुणाला घरात घेतले याचा पत्ताच नसतो. पुण्य मिळेल म्हणून त्यांनी ते केलेले नाही. आणि लूकच्या शेवटी अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य एका अनोळखी वाटसरूला मुक्कामाला थांबवून घेतात. जेवायला बसल्यावर मात्र भाकरी तोच मोडतो, तोच देतो. पाहुणा यजमान झालेला असतो. पुढे या पुस्तकात वारंवार जी अदलाबदल दिसेल, तिचे हे पहिले उदाहरण.

आरंभीच्या मंडळीने या शिकवणुकीचे व्यवहारात काय केले, हे वाचताना तिचा भाबडेपणा नसलेला स्वभाव आवडतो. ‘दिदाखे’ हा अगदी सुरुवातीच्या काळातला नियमग्रंथ सांगतो की वाटसरूला दोन दिवस, गरज पडली तर तीन दिवस ठेवून घ्या. त्याला इथेच राहायचे असेल तर त्याने आपल्या हुन्नराने कमवावे. हुन्नर नसेल तर त्याची काय व्यवस्था लावायची ते मंडळीने शहाणपणाने ठरवावे. फसवणारे लोक तेव्हाही होते आणि ग्रंथकर्त्याला ते माहीत होते. चौथ्या शतकात कॅपाडोशियात बेसिलने कैसरियाच्या वेशीबाहेर आजाऱ्यांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी, वाटसरूंसाठी एक वसाहतच उभी केली. त्याच शतकात जुन्या देवतांची पूजा परत आणू पाहणारा सम्राट ज्युलियन आपल्या पुजाऱ्याला लिहितो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक आपल्या गरिबांना तर पोसतातच, आमच्याही गरिबांना पोसतात, तेव्हा आपणही गावोगावी धर्मशाळा काढल्या पाहिजेत. विरोधकाने दिलेले हे प्रशस्तिपत्र आहे.

पण याच काळात योहान ख्रिसोस्तोम एक अडचणीचा प्रश्न विचारतो. प्रेषितांच्या कृत्यांवरील प्रवचनात तो श्रोत्यांना म्हणतो की घरात एक खोली परक्यासाठी राखून ठेवा. श्रोते म्हणणार, मंडळीची धर्मशाळा आहेच की. त्यावर त्याचा सवाल असा की याजक प्रार्थना करतात म्हणून तुम्ही प्रार्थना सोडता का? संस्था निघाली की घराचे दार बंद होते, हे त्याने सोळाशे वर्षांपूर्वी ओळखले होते. आज आपण देणगीची पावती घेतो आणि भाडेकरू मात्र ‘आपल्यातला’च शोधतो. इंदूरमध्ये भंवरकुआँच्या परिसरात स्पर्धा परीक्षांसाठी बाहेरगावचे हजारो विद्यार्थी राहतात. तेही स्थलांतरितच. पैसे देणाऱ्या स्थलांतरिताला शहर खोली देते, मेस देते, वाचनालय देते. खोली देतानाही आडनाव विचारले जाते, हे मात्र कुणाही विद्यार्थ्याला विचारून पाहावे.

आधुनिक काळात रोमने या विषयाला स्वतंत्र स्थान दिले ते १९५२ मध्ये. बाराव्या पायसने त्या वर्षी काढलेल्या ‘एक्सुल फामिलिया’ या पत्रात मिसरात पळालेल्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासितांचा आदर्श मानले. योगायोग असा की इंदूरचा कॅथलिक धर्मप्रांतही १९५२ मध्येच स्थापन झाला. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०१३ मध्ये रोमबाहेरच्या पहिल्या भेटीसाठी लाम्पेदुसा हे बेट निवडले, कारण आफ्रिकेतून येणाऱ्या माणसांच्या बोटी तिथल्या समुद्रात बुडत होत्या. टाळेबंदीच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, त्यांचे ‘फ्रातेल्ली तुत्ती’ हे पत्र आले. त्यातले एक संपूर्ण प्रकरण रस्त्याकडेला पडलेल्या जखमी माणसाच्या दाखल्यावर आहे. भारतात मात्र याहून वेगळी आणि माझ्या मते अधिक खोल चाल अरविंद निर्मल यांनी केली. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या व्याख्यानापासून त्यांनी दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी सुरू केली, आणि तिचा आधार म्हणून त्यांनी निवडला तो भटक्या अरामी पूर्वजाचा तोच उतारा. भारतीय ख्रिस्ती माणसाने आपला पूर्वज कोण होता हे आठवले तर त्याला गावकुसाबाहेरचे घर दिसते, असे त्यांचे म्हणणे. बहिष्कृताला गावात यायला कुठलीही सीमा ओलांडावी लागत नाही. तो जन्मल्या गावातच परका असतो. पाश्चात्त्य लेखकांच्या ‘परक्या’च्या चर्चेत ही बाजू क्वचितच येते.

मराठी वाचकाला हे सगळे दूरचे वाटत असेल तर त्याने पंडिता रमाबाईंकडे पाहावे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत होते. १८७४ मध्ये रमाबाईंचे वडील गेले, पाठोपाठ आई गेली. कारण भूक होते. उरलेली मुले हजारो मैल पायी भटकली. ही मुलगी पुढे विदुषी झाली, इंग्लंडला गेली, ख्रिस्ती झाली, अमेरिकेत हिंडली आणि १८८९ मध्ये तिने मुंबईत शारदा सदन काढले; ते पुढे पुण्याला हलले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या बातम्या आल्या तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. प्लेगच्या नियमांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर तंबू पडले. त्यातून ‘मुक्ती’ ही वसाहत उभी राहिली: शेती, विणकाम, छापखाना, शाळा. तिथे आलेल्या बाईला केवळ निवारा मिळाला नाही, हातात काम मिळाले. स्वतः रस्त्यावर उपाशी फिरलेल्या बाईने ते घर उभारले, ही गोष्ट बाजूला ठेवून मुक्तीचा अर्थ लागत नाही. भटक्या पूर्वजाची कबुली तिला ग्रंथातून शिकावी लागली नव्हती.

रमाबाईंच्याच आयुष्यात या विषयाची दुसरी, टोचणारी बाजूही आहे. १८९३ मध्ये सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो म्हणून पुण्यात वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे होते की आपली प्रार्थना आपण दार उघडे ठेवून करतो, कुणाला बोलावत नाही. टीकाकारांचे म्हणणे होते की आश्रयाला आलेल्या विधवेला दार उघडे असणे आणि बोलावणे यात फरक उरत नाही. दोन्ही बाजूंना तथ्य आहे, आणि तो प्रश्न आजही जिवंत आहे. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली, तिचा मिशनऱ्यांच्या कामावर कठोर अहवाल १९५६ मध्ये आला. १९६८ मध्ये राज्याने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा आणला. त्यामुळे या राज्यात ख्रिस्ती माणसाने दिलेल्या भाकरीकडेही ‘आमिष’ म्हणून पाहिले जाऊ शकते. या कायद्यांचा वापर अनेकदा भीती घालण्यासाठी होतो, हे खरे. पण ख्रिस्ती वाचकाने स्वतःलाही एक प्रश्न विचारायला हवा: जेवून गेलेला माणूस पुन्हा कधी प्रार्थनेला आला नाही, तर आपल्याला वाईट वाटते का? वाटत असेल तर ते आतिथ्य नव्हते, व्यवहार होता. मत्तयच्या त्या प्रसंगातल्या माणसांना आपण कुणाला वाढले हे माहीत नसणे, याचे महत्त्व इथे कळते.

पंगतीचाही प्रश्न आहे. पौलाने पेत्राला अंत्युखियात भर सभेत फटकारले, कारण यरुशलेमची माणसे आल्यावर पेत्र विदेश्यांच्या पंगतीतून उठला. करिंथच्या मंडळीवर त्याचा राग असा की प्रभुभोजनाला श्रीमंत आधी जेवून घेतात आणि राबून उशिरा येणारे उपाशी राहतात. पहिल्या शतकातली ही भांडणे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पंगत कशी तुटते ते आपल्याला ठाऊक आहे. भारतीय ख्रिस्ती मंडळींतही जातीप्रमाणे बाके आणि दफनभूमी वेगळ्या राहिल्या. जातीची ही रेषा ओलांडण्याची किंमत काय असते, हे मराठीत लक्ष्मीबाई टिळकांइतके कुणी लिहिलेले नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले; लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षांनी, आणि मधल्या काळात कुणाच्या हातचे पाणी प्यायचे हाच त्यांचा रोजचा संघर्ष होता. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आणखी एक गोष्ट शिकवते. टिळक उदार होते, घरात कुणालाही आणत, हातातले देऊन टाकत. आणि ते उदारपण निभवायचा भार लक्ष्मीबाईंवर पडे. अब्राहामाच्या कथेतही पाहुण्यांचे स्वागत तो करतो आणि पीठ सारा मळते. लोट आपल्या पाहुण्यांना वाचवण्यासाठी मुलींना जमावापुढे करायला निघतो. आतिथ्याचे ईश्वरविज्ञान बहुतेक पुरुषांनी लिहिले. चुलीपाशी कोण होते, हे विचारल्याशिवाय ते पुरे होत नाही.

आता इंदूर. इथला ख्रिस्ती समाज हा स्वतःच स्थलांतरितांचा समाज आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनची माणसे १८७७ मध्ये इथे आली. होळकर दरबाराशी त्यांचे सुरुवातीला खटके उडाले, कारण परक्या माणसाने राज्यात काय बोलावे हे ठरवायचा हक्क दरबार आपला मानत होता. १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू झाले. पुढे डॉ. जॉन ब्यूकॅनन अलिराजपूरच्या आमखुटला भिल्लांमध्ये जाऊन राहिले. कॅथलिक बाजूला दिव्यशब्द संघाचे युरोपीय धर्मगुरू आले, मग केरळातून धर्मगुरू आणि भगिनी आल्या. भिल्ल समाजातून बिशप होईपर्यंत एकविसावे शतक उजाडले. इतका काळ बाहेरून आलेलेच वाढणारे होते आणि इथलेच घेणारे होते, ही गोष्ट नीट पाहायला हवी.

या इतिहासात एक आयुष्य वेगळे दिसते. सिस्टर राणी मारिया या केरळातल्या पुल्लुवळी गावच्या, जन्म १९५४ चा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या या भगिनी १९९२ मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. तिथल्या आदिवासींची मुख्य अडचण सावकारी कर्ज ही होती. बचत गट, सरकारी योजनांची माहिती, कर्जातून सुटण्याची वाट, असे त्यांचे काम चालले, आणि त्यामुळे काहींचा धंदा बुडू लागला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांचा भोसकून खून झाला. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, त्याही भगिनीच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली; सुटल्यावर तो केरळात त्या घरी गेला आणि घराने त्याला आत घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले. या कथेतली क्षमा सर्वांना माहीत आहे. मला तिच्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना पाठवतो तेव्हा झोळी, पैसे, वहाणा काही नेऊ नका, ज्या घरात जाल तिथे पुढ्यात येईल ते खा, असे सांगतो. म्हणजे शिष्याने यजमान होऊन जायचे नाही, पाहुणा होऊन जायचे. केरळातून उदयनगरला आलेली बाई त्या पाड्यांची पाहुणी होती. तिने काय दिले याची यादी करताना, त्यांनी तिला आपल्यात घेतले हे राहून जाते.

इथून मी या पुस्तकाच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. इंदूरमध्ये यजमान कोण? होळकर नीरेकाठच्या होळ गावचे. मल्हाररावांबरोबर मराठी माणूस माळव्यात आला तो तलवारीच्या बळावर, निमंत्रणावरून नव्हे. नंतर कारकून, शास्त्री, गवई, शिक्षक, कापड गिरण्यांचे कामगार आले. मारवाडी आले, सिंधी फाळणीनंतर आले. आपण सगळे इथे आता इतके रुळलो आहोत की पोहे-जिलबी हा आपलाच वारसा वाटतो. आणि ज्याला आपण ‘बाहेरचा मजूर’ म्हणतो, जो दिवाळीनंतर झाबुआ, धार, बडवानी, अलिराजपूरहून येतो आणि भगोरियाच्या सणाला गावी परततो, तो भिल्ल आणि भिलाला या विंध्य-सातपुड्याचा आपल्या कितीतरी आधीचा रहिवासी आहे. त्याचे जंगल राखीव झाले. सरदार सरोवराच्या पाण्यात अलिराजपूर-बडवानीची गावे गेली. उरलेली जमीन घर चालवायला पुरत नाही. गोध्रा-बालासिनोरच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत याच जिल्ह्यांची माणसे गेली आणि फुफ्फुसांत धूळ भरून परतली. त्यांच्या भरपाईचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. यजमानाचा मजूर झाला आणि पाहुण्याचा मालक झाला. अशा ठिकाणी ‘आपण त्यांचे आतिथ्य करू या’ असे म्हणणे हेच मुळात उलटे आहे. बायबलमध्येही ही अडचण आहे; कनान देश इस्राएलला मिळाला तेव्हा तो रिकामा नव्हता, आणि ईश्वरविज्ञानाने या प्रश्नाला बराच काळ बगल दिली. भटक्या पूर्वजाची कबुली देताना, आपण कुणाच्या अंगणात येऊन स्थिरावलो, हे त्यानंतरचे वाक्यही म्हणावे लागते.

वाचकाने कायद्याचीही थोडी ओळख ठेवावी. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला. ठेकेदाराला परवाना, मजुराला विस्थापन भत्ता, प्रवासखर्च, निवारा, औषधोपचार असे त्यात पुष्कळ होते. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या संहितेत तो विलीन झाला. १९७९ च्या कायद्याची व्याख्या राज्याची हद्द ओलांडणाऱ्यापुरती होती. झाबुआहून इंदूरला आलेला भिल्ल किंवा बीडहून कोल्हापूरला कोयता घेऊन गेलेले जोडपे त्यात बसतच नव्हते. २०११ च्या जनगणनेत जन्मस्थान किंवा आधीचे राहते ठिकाण सोडून आलेल्यांची संख्या ४५ कोटींहून अधिक नोंदली गेली. त्यातले बहुसंख्य आपल्याच राज्यात सरकलेले. परकेपणा नकाशावरच्या रेषेने ठरत नाही, हे लेवीयच्या लेखकाला माहीत होते. त्याने परक्याचा हक्क मजुरीला आणि पिकाला जोडला.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात पवित्र शास्त्र आणि आरंभीची मंडळी, दुसऱ्या भागात महाराष्ट्र आणि माळव्यातले प्रत्यक्ष प्रयोग, त्यांच्या चुकांसह, आणि तिसऱ्या भागात आजचे प्रश्न: मजुरी, भाड्याची खोली, शाळा, रेशन, पंगत. श्रद्धावंत वाचकाने पहिल्या भागावर रेंगाळून तिसरा टाळू नये. इतरांनी पहिला भाग धर्मग्रंथाचा म्हणून गाळू नये, कारण तिसऱ्याची धार तिथून आली आहे. या विषयावर गोड बोलणे सोपे आहे आणि गोड बोलण्याने आजवर कुणाची मजुरी सुटलेली नाही, एवढे भान लेखनात ठेवले आहे.

वाचून झाल्यावर काय करायचे, असा प्रश्न पडला तर दोन कामे सुचवतो. आपण राहतो ती इमारत ज्यांनी बांधली त्यांचा शेवटच्या आठवड्याचा पगार मिळाला की ठेकेदाराकडे अडकला, हे विचारायला सुरुवात करावी. सूर्यास्तापूर्वीच्या मजुरीचा नियम त्यासाठीच आहे. दुसरे काम याहून अवघड. त्या मजुराच्या ताडपत्रीखाली बसून, त्याच्या बाईने थापलेली मक्याची भाकरी खावी आणि आपण इथे पाहुणे आहोत हे मान्य करावे. आपण दिलेले पाकीट तो निमूट घेतो. त्याने दिलेली भाकरी आपण घेऊ शकतो का, यावर आपले आतिथ्य खरे की खोटे ते ठरेल.

इंदूर